आरोग्यपृच्छा : कोरियाहून आलेली बरणी आणि जिन्सेंगविषयी आणखी काही प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत जिन्सेंग या चिनी-कोरियन औषधी मुळाविषयी इतकी पत्रे आली की या अंकातील सदर त्या एकाच विषयासाठी राखून ठेवले आहे. पत्रे कोल्हापूर शहरातील आणि जिल्ह्यातील आहेत. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ६८. निवृत्त शिक्षक आहे, राजारामपुरीत राहतो. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात असतो. दिवाळीला येताना त्याने तांबड्या जिन्सेंगच्या अर्काची बरणी आणली. अर्क काकवीसारखा दाट आणि चवीला कडवट आहे. रोज लहान चमचाभर अर्क कोमट पाण्यातून घ्या, असे तो सांगून गेला. सहा वर्षांपूर्वी माझ्या हृदयात धातूची झडप बसवली आहे. वॉरफरीनची गोळी रोज चालू आहे, शिवाय मधुमेहाच्या दोन गोळ्या आहेत. मुलाने इतक्या दुरून, इतक्या प्रेमाने आणलेली वस्तू कपाटात ठेवून देणे जिवावर येते. घ्यावी का?

उत्तर : गुरुजी, घेऊ नका. आणि बरणी उघडून काही दिवस घेतली असेल, तर ती गोष्ट तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच सांगा.

कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरीन दिले जाते आणि त्याची मात्रा आयएनआर या रक्ततपासणीवरून ठरवली जाते. हा आकडा खाली आला तर गुठळीचे भय असते आणि वर गेला तर रक्तस्रावाचे. १९९७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेल्या एका रुग्णाची स्थिती तुमच्याशी बरीच जुळणारी होती. त्यालाही कृत्रिम झडप होती, वॉरफरीनची मात्रा चांगली बसलेली होती आणि आयएनआर ३.१ होता, जिन्सेंगच्या कॅप्सूल सुरू केल्यावर दोन आठवड्यांत तो १.५ वर घसरला आणि कॅप्सूल बंद केल्यावर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आला. पुढे २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना अमेरिकन जिन्सेंग देऊन केलेल्या चाचणीतही वॉरफरीनचा परिणाम घटलेला दिसला. आशियाई जिन्सेंगवर झालेल्या काही चाचण्यांत असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्यांच्या छातीत धातूची झडप आहे त्यांनी संशोधकांमधील या मतभेदाचा निकाल स्वतःच्या देहावर लावून पाहू नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

दुसरी बाब मधुमेहाची. जिन्सेंगच्या काही प्रकारांनी जेवणानंतर वाढणारी साखर कमी होते. ऐकायला हे चांगले वाटते, पण तुमच्या दोन गोळ्यांची मात्रा जिन्सेंग नसताना ठरवलेली आहे. त्यात तिसऱ्या वस्तूची भर पडली की हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, भोवळ येणे असा साखर उतरण्याचा प्रसंग ओढवू शकतो आणि तुमच्या वयात अशी भोवळ म्हणजे पडणे आणि हाड मोडणे.

एक सूचना विशेष लक्षात ठेवा. अर्क आठ-दहा दिवस घेतला असेल, तर तो बंद केल्यावरही आयएनआर पुन्हा हलू शकतो, म्हणून बंद केल्याची तारीख डॉक्टरांना कळवून तपासणी कधी करायची ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. वॉरफरीनची मात्रा स्वतःहून वाढवू किंवा कमी करू नका. मुलाला फोनवर कारण नीट समजावून सांगा. वडिलांच्या गोळ्यांची यादी त्याच्याजवळ नव्हती, एवढेच झाले आहे. ती यादी त्याला पाठवून ठेवा; पुढच्या खेपेला तो स्वतःच विचारून आणेल.

प्रश्न : शाहूपुरीतील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. जिन्सेंग नेमके कशासाठी वापरत आले आहेत? आपल्या आयुर्वेदात त्याचा उल्लेख आहे का? बाजारात ‘भारतीय जिन्सेंग’ आणि ‘सायबेरियन जिन्सेंग’ अशीही नावे दिसतात. ही सर्व एकच वनस्पती आहे का? आणि खरोखर उपयोग किती?

उत्तर : तुमचा प्रश्न इतिहासाचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

खरे जिन्सेंग म्हणजे पॅनॅक्स या कुळातील वनस्पतीचे मूळ. त्यात दोन प्रमुख आहेत : चीनचा ईशान्य भाग, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्वेकडील प्रदेश येथील पॅनॅक्स जिन्सेंग, आणि उत्तर अमेरिकेतील पॅनॅक्स क्विंक्विफोलियस. पॅनॅक्स हे नाव लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले आणि ते ‘सर्व रोगांवर उपाय’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. चिनी भाषेत त्याला रेन्शेन म्हणतात. त्यातील ‘रेन’ म्हणजे माणूस. जुन्या मुळाला हातापायांसारखे फाटे फुटलेले असतात, त्यावरून हे नाव पडले. कोरियन भाषेत तेच इन्साम होते. ‘सायबेरियन जिन्सेंग’ म्हणून विकली जाते ती एल्युथेरोकोकस नावाची काटेरी झुडूपवर्गीय वनस्पती. ती त्याच मोठ्या कुटुंबातील असली तरी पॅनॅक्स नव्हे, आणि जिन्सेनोसाइड ही जिन्सेंगची ओळख असलेली द्रव्ये तिच्यात नसतात. नावाच्या या गोंधळामुळे अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून पॅनॅक्स सोडून इतर कोणत्याही वनस्पतीला जिन्सेंग म्हणून विकण्यास मनाई केली.

‘भारतीय जिन्सेंग’ म्हणजे आपली अश्वगंधा, जिला आपल्याकडे जुनी माणसे आस्कंद म्हणतात. ती वांगी-मिरचीच्या कुटुंबातील आहे आणि तिचे जिन्सेंगशी कोणतेही वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. चरकसंहितेतील बल्य आणि बृंहणीय या दोन्ही गणांत अश्वगंधेची गणना आहे, म्हणजे बळ देणारी आणि शरीर भरून आणणारी म्हणून तिला आपल्या शास्त्रात स्वतःचे पक्के स्थान आहे. मला तर हे परके टोपणनाव तिला मुळीच शोभत नाही असे वाटते. जिन्सेंगचा उल्लेख आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत नाही. ते चिनी आणि कोरियन वैद्यकाचे धन आहे आणि त्याचे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे.

शेन्नोंग या पौराणिक सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी औषधिग्रंथात ३६५ द्रव्यांची तीन श्रेणींत मांडणी आहे आणि त्यात जिन्सेंग पहिल्या श्रेणीत आहे. पाच मुख्य अवयवांचे पोषण करणारे, मन स्थिर करणारे, दृष्टी स्वच्छ करणारे आणि दीर्घकाळ घेतल्यास आयुष्य वाढवणारे असे त्याचे वर्णन केलेले आहे. प्रत्यक्ष चिकित्सेत मात्र ते निरोगी माणसाने रोज उठून घेण्याचे द्रव्य नव्हते. अतिरक्तस्रावाने किंवा दीर्घ आजाराने खचलेल्या, हातपाय गार पडलेल्या रुग्णाला एकट्या जिन्सेंगचा तीव्र काढा देत असत. पचन मंदावून थकवा आलेल्यांसाठी ‘चार सज्जनांचा काढा’ प्रसिद्ध आहे. त्यातील एक सज्जन जिन्सेंग आणि दुसरा आपल्या ओळखीचा ज्येष्ठमध. आपण उष्ण-शीत वीर्य पाहतो, तसा विचार तिकडेही आहे : आशियाई जिन्सेंग उष्ण मानतात आणि अमेरिकन थंड. म्हणून तापाने फणफणलेल्या, तोंड लाल झालेल्या रुग्णाला कोरियन मूळ देऊ नये, असा त्यांचा जुना दंडक आहे. जिन्सेंग चालू असताना मुळा खाऊ नये, हे पथ्यही तिकडच्या घराघरांत ठाऊक आहे.

कोरियात औषध आणि अन्न यांच्यामध्ये फारशी भिंत नाही. उन्हाळ्यातील सर्वांत तापलेल्या म्हणून ठरलेल्या तीन दिवशी तेथे साम्ग्येताङ खाण्याची प्रथा आहे. कोवळ्या कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ, लसूण, खारकेसारखी दिसणारी लाल बोरे आणि जिन्सेंगचे कोवळे मूळ भरून ती मंद आचेवर शिजवतात आणि पांढऱ्या रश्शासकट वाढतात. पांढऱ्या रश्शावर जीव असलेल्या आपल्या शहराला हा पदार्थ परका वाटू नये. फरक एवढाच की त्यात मसाला नसतो, फक्त मुळाचा मातकट, किंचित कडू वास असतो.

पांढरे आणि तांबडे जिन्सेंग या दोन वेगळ्या वनस्पती नव्हेत. मूळ सोलून वाळवले की पांढरे, आणि सालीसकट वाफवून मग वाळवले की तांबडे. वाफेमुळे जिन्सेनोसाइडच्या रचनेत बदल होतो आणि मूळ जास्त टिकते. जिन्सेनोसाइड ही सॅपोनिन प्रकारची द्रव्ये आहेत. रिठा पाण्यात चोळल्यावर जो फेस येतो, त्याला कारणीभूत असणारी द्रव्येही याच वर्गातील.

अमेरिकेची कथा तुम्हाला वर्गात सांगता येईल. चीनच्या सम्राटासाठी नकाशे तयार करणाऱ्या जार्तू या फ्रेंच धर्मगुरूने १७११ मध्ये पत्रातून या मुळाचे वर्णन लिहून पाठवले आणि असे हवामान कॅनडातही असल्याने तेथे ते सापडेल असा तर्क केला. ते वर्णन वाचून लाफितो या दुसऱ्या धर्मगुरूने मोहॉक या तेथील मूळ रहिवाशांच्या मदतीने १७१६ मध्ये मॉन्ट्रियलजवळ त्याचे भावंड शोधून काढले. पुढे १७८४ मध्ये अमेरिकेचे चीनला गेलेले पहिले व्यापारी जहाज सुमारे ३० टन जिन्सेंग घेऊन न्यूयॉर्कहून निघाले. जंगलातील मुळांची इतकी लूट झाली की अमेरिकन जिन्सेंगच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून नियंत्रण आहे.

आता उपयोगाविषयी. २००० मध्ये टोरांटोतील संशोधकांनी ३ ग्रॅम अमेरिकन जिन्सेंग ग्लुकोज घेण्याच्या ४० मिनिटे आधी दिले, तेव्हा मधुमेही रुग्णांतील साखरेची उसळी कमी झाली. आशियाई मुळाबाबत असे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३६४ कर्करुग्णांचा समावेश असलेल्या अमेरिकेतील चाचणीत रोज २ ग्रॅम अमेरिकन जिन्सेंग घेणाऱ्यांचा थकवा ८ आठवड्यांनी लक्षणीय कमी झाला. ४ आठवड्यांपर्यंत मात्र फारसा फरक नव्हता. स्मरणशक्तीबाबत २०१० च्या कॉक्रेन आढाव्याला (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणारा आढावा) निरोगी माणसांत पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही, आणि लैंगिक दुर्बलतेसाठी त्याची जी जोरदार जाहिरात होते तिच्या मानाने २०२१ च्या आढाव्यात दिसलेला परिणाम नगण्य आहे. माझे मत विचाराल तर, आजारातून उठलेल्या माणसाचा थकवा या एका बाबतीत जुना अनुभव आणि नवे संशोधन यांची दिशा एकच दिसते आणि म्हणून या मुळाविषयी मला आदर आहे. बाटलीवर छापलेल्या इतर वचनांविषयी तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : मी २० वर्षांचा असून गंगावेस भागातील तालमीत सराव करतो. दूध, बदाम, तूप, थंडाई असा खुराक चालू आहे. एका मित्राने जिन्सेंग असलेली ताकदीची पावडर घ्यायला सांगितले. दम वाढतो म्हणतात. वस्तादांना विचारायचा धीर होत नाही. घेऊ का?

उत्तर : वस्तादांना विचारायचा धीर होत नाही, यातच तुमच्या मनाने अर्धे उत्तर दिले आहे, त्यांना जरूर विचारा. खेळाडूंवर झालेल्या बहुतेक चाचण्यांत जिन्सेंगने दम किंवा ताकद वाढल्याचे दिसलेले नाही. मात्र झोप उडणे, डोके दुखणे, छातीत धडधडणे हे त्याचे त्रास नोंदवलेले आहेत. आणि पहाटे उठून हजारो जोर-बैठका काढणाऱ्या मुलाची झोप गेली तर अंगाची झीज भरून निघणार कधी? म्हणून तुमच्या खुराकात त्याची गरज मला दिसत नाही.

याहून मोठी काळजी पावडरीची आहे. जिन्सेंग हे उत्तेजक म्हणून बंदी असलेल्या द्रव्यांत मोडत नाही. पण ‘ताकदीच्या’ मिश्रणांत जिन्सेंगच्या जोडीला एफेड्रिनयुक्त वनस्पती किंवा लेबलावर न लिहिलेली स्टेरॉइड घातल्याचे प्रकार जगभर उघडकीस आले आहेत. एफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे आढळले तर ते बंदीच्या कक्षेत येते, आणि उत्तेजक चाचणीत द्रव्य सापडले की ‘मला माहीत नव्हते’ या सबबीने खेळाडू सुटत नाही. खासबागेच्या मैदानात उतरण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाने बिनओळखीच्या डब्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये. लेबलावरचे नाव आणि आतील वस्तू वेगळी निघाल्याचे एक जुने उदाहरण सांगतो. १९९० मध्ये कॅनडात एका नवजात बाळाच्या अंगावर असाधारण लव दिसली आणि आईने गरोदरपणात घेतलेल्या ‘सायबेरियन जिन्सेंग’वर ठपका आला, पुढे तपासल्यावर त्या मालात पेरिप्लोका नावाची तिसरीच वेल निघाली.

प्रश्न : वय ३९. इचलकरंजीत शिलाईकाम करते. वर्षभर सतत थकवा आहे, जिने चढताना धाप लागते, पाळीत अंगावरून फार जाते. जाऊबाई जिन्सेंगच्या गोळ्या घेतात, मीही सुरू करू का?

उत्तर : ताई, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्व ब-१२ आणि साखर एवढ्या तपासण्या सरकारी रुग्णालयातही होतात. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून रक्त कमी असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, आणि त्यावर जिन्सेंगचा काही उपयोग नाही. लोह लागते, आणि इतका रक्तस्राव का होतो हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाहावे लागते. जिन्सेंग घेणाऱ्या काही स्त्रियांत स्तन दुखणे आणि अनियमित रक्तस्राव झाल्याची नोंद आहे, म्हणून तुमच्या बाबतीत तर ते टाळावेच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही ते घेऊ नये. जाऊबाईंना रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्यांनाही डॉक्टरांना विचारायला सांगा. शस्त्रक्रियेपूर्वी किमान ७ दिवस जिन्सेंग बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ज्यांना घ्यायला हरकत नाही त्यांच्यासाठी वाळलेल्या मुळाची रूढ मात्रा दिवसाला १ ते २ ग्रॅम आहे. ती सकाळी घ्यावी, तीन महिन्यांहून अधिक काळ सलग घेऊ नये, आणि डब्यावर वनस्पतीचे पूर्ण नाव व परवाना क्रमांक असल्याशिवाय घेऊच नये. ‘मग आस्कंद चालेल का’ असे कोणी विचारील, म्हणून तेही लिहितो : थायरॉइड वाढलेल्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अश्वगंधाही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे, ऊस असतो. एका कंपनीचा माणूस जिन्सेंगची रोपे देतो आणि माल आम्हीच उचलू म्हणतो. एकरी उत्पन्नाचे आकडे फार मोठे सांगतो. लावावे का?

उत्तर : लावू नका. हे थंड प्रदेशातील जंगलाच्या सावलीत वाढणारे झाड आहे. त्याला ७० ते ८० टक्के सावली लागते आणि दरवर्षी पाने गळून मूळ विश्रांती घेईल असा खरा हिवाळा लागतो, जो आपल्याकडे येतच नाही. बी ताजे असताना त्यातील गर्भ पूर्ण वाढलेला नसतो. ते ओल्या वाळूत मुरवून, मग थंडी मिळाल्यावरच रुजते. आडसाली ऊस अठरा महिन्यांनी तोडता येतो. येथे मूळ काढण्यायोग्य व्हायला चार ते सहा वर्षे जातात, तेवढ्या काळात एका पावसाळ्यात पाणी साचले तरी मुळे कुजतात, आणि एकदा पीक घेतलेल्या जमिनीत पुन्हा कित्येक वर्षे जिन्सेंग नीट येत नाही. कोरिया आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील शेतकरी पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवावर हे पीक घेतात. पन्हाळ्याच्या पावसात आणि जांभ्या मातीत ते जगेल असे मला वाटत नाही.

त्या माणसाकडून दोन गोष्टी लेखी मागा : रोपाचे वनस्पतिशास्त्रीय नाव, आणि याच जिल्ह्यात माल काढून पैसे मिळालेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेताचा पत्ता. रोपे विकणारा आणि माल घेण्याचे वचन देणारा एकच असतो, तेव्हा त्याचा नफा रोपे विकतानाच झालेला असतो. पुष्कळदा अशी ‘जिन्सेंगची रोपे’ प्रत्यक्षात अश्वगंधेचीही असू शकतात. औषधी पीक घ्यायचेच असेल तर अश्वगंधा पाच-सहा महिन्यांत येते, पण तिला कोरडे हवामान आणि पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन लागते. म्हणूनच तिची मोठी शेती मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात आहे. तुमच्याकडे पाऊस जास्त असल्याने तीही आधी दोन-चार गुंठ्यांत, पाऊस ओसरल्यावर, उंच वाफ्यांवर लावून पाहा आणि नीमचच्या बाजारातील चालू भाव स्वतः चौकशी करून घेतल्याशिवाय उसाची एक सरीही मोडू नका.